शनिवारचे दोन तास

डिसेंबर लागला की आमच्या सरस्वतीपुरमच्या रस्त्यावर अवरेकाईच्या हातगाड्या येऊ लागतात. अवरेकाई म्हणजे आपला पावटा, पण माहेरी मिरजेला आम्ही जो पावटा खायचो त्याला असा वास नव्हता. इथल्या शेंगेवर दवाने एक तेलकट ओल धरलेली असते. तिचा उग्र हिरवा वास बोटांना लागला की दोनदा साबण लावूनही जात नाही. म्हैसूरचे लोक शेंग हातात घेतल्याबरोबर आधी नाकाशी नेतात आणि मगच भाव विचारतात. मीही आता तसंच करते. चौतीस वर्षांत इथलं एवढं तरी मला आलं.

त्याच सुमारास हुणसूर रस्त्याने तंबाखूचे ट्रक जाऊ लागतात. पिरियापट्टणचा लिलाव भरात आलेला असतो. गोणपाटात बांधलेले गठ्ठे, वर दोरखंड, आणि ट्रक पुढे निघून गेल्यावर मागे रेंगाळणारा गोडसर वास, काकवी सांडलेल्या गवतासारखा. आणि विद्यापीठाच्या आवारात बुचाची फुलं. इथे त्यांना आकाशमल्लिगे म्हणतात. लांब देठाची पांढरी फुलं सकाळी रस्त्यावर पडलेली असतात. मुली ती वेचून देठात देठ गुंफतात आणि पहिल्या तासाला वर्गात आणतात.

या तीन वासांचा मिळून माझा डिसेंबर होतो. तो आला की मनात दुःखाच्याही आधी मत्सर जागा होतो. गेलेल्या माणसाचा मत्सर करावा हे कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून सहा वर्षं सांगितलं नव्हतं.

यशवंत माझे पती. तोंडावर मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही, आमचा सगळा संसार 'अहो'वर झाला. कागदावर मात्र नाव लिहिते आहे. त्यांचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथेच राहिले. मूळ घर मंडी मोहल्ल्यात. घरात मराठी होती, पण तिच्यात जागोजागी कानडी मुरलेली. पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, "सुमा, स्वल्प बस गं, मग बघू काय माडायचं ते." स्वल्प म्हणजे जरा, माडायचं म्हणजे करायचं. माझं नाव सुमन. त्याची सुमा त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच केली. कानडीत सुमा म्हणजेही फूलच, मग उगाच एक अक्षर जास्त कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मी विद्यापीठात कायदा शिकवत असे. करार कायदा, पहिल्या वर्षाला. पीएच.डी. मात्र आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या करारांवर केली होती, आणि वीस वर्षं वाट पाहिल्यावर आमच्याकडे 'आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा' असा विषय सुरू झाला. त्याचा अभ्यासक्रम मी तयार केला, एकेक वाक्य तोलून. पण त्या वर्षी माझे तास पूर्ण भरलेले होते, आणि विषय शिकवायला बाहेरचा, प्रत्यक्ष व्यवहारातला कुणी माणूस हवा, असं ठरलं. बेंगळुरूच्या एका वकिलांनी होकार दिला आणि सत्र सुरू व्हायला पंधरा दिवस असताना नकार कळवला. विभागप्रमुख डोक्याला हात लावून बसले होते. मीच म्हटलं, "माझ्या घरी एक माणूस आहे."

यशवंत तंबाखू निर्यात करणाऱ्या एका कंपनीत कागदपत्रांचं काम पाहत. जहाजाची बिल्टी, विमा, मूळ देशाचा दाखला, बँकेची पतपत्रं, म्हणजे एल.सी. संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन त्यांनी एलएल.बी. केलं होतं; काळा कोट मात्र कधी अंगावर चढवला नव्हता. शनिवारी त्यांची कंपनी एक वाजता सुटे. म्हणून वर्ग शनिवारी दोन ते चार ठरला. एका सत्रापुरतं, असं आम्ही दोघंही म्हणालो. ते चार हिवाळे चाललं.

मला आठवतो तो त्यातला शेवटचा हिवाळा. आधीचे तीन त्याच्यात मिसळून गेले आहेत.

शुक्रवारी संध्याकाळी ते आपला शर्ट स्वतः इस्त्री करत. नातेवाइकांच्या लग्नाला जाताना मी चार वेळा सांगे तेव्हा कुठे शर्ट बदलणारा हा माणूस. इस्त्री करताना ओठांतल्या ओठांत बोलत, मध्येच थांबून हसत. मी जेवणाच्या टेबलाशी पेपर तपासत बसलेली असे. उद्या कुठे हसू येणार हे त्यांना आदल्या दिवशी ठाऊक असे. माझ्या तासाला वीस वर्षांत कुणी हसलं नव्हतं, आणि हसावं असं मला कधी वाटलंही नव्हतं. त्या हिवाळ्यात वाटू लागलं.

शनिवारी दोन ते तीन माझा करार कायद्याचा तास शेजारच्याच वर्गात होता. मधली भिंत जुनी, जाड. तिच्यातून शब्द येत नसत, पण हसू येई. मी 'प्रस्ताव आणि स्वीकृती' सांगत असे, मुलं लिहून घेत असत, आणि पलीकडून साठ जणांच्या हसण्याचा लोट आला की माझ्या वर्गातल्या माना भिंतीकडे वळत. मी थांबत असे. हसणं संपलं की पुढचं वाक्य सांगे. एकदा मागच्या बाकावरचा मुलगा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "पुढच्या-पुढच्या वर्षी आपण तिकडे." मी ऐकलं नाही असं दाखवलं. फळ्यावर लिहिताना हातातला खडू मोडला, तेव्हा कळलं की आपण जोराने लिहितो आहोत.

एका शनिवारी माझा तास लवकर संपवून मी त्यांच्या वर्गाच्या मागच्या दाराशी उभी राहिले. त्यांनी पिरियापट्टणहून तंबाखूचं एक पान आणलं होतं. भट्टीत भाजून सोनेरी झालेलं, हातभर लांब. ते पहिल्या बाकावर देऊन म्हणाले, "हा नमुना. करारात लिहिलंय, माल या नमुन्यासारखाच असेल. नीट बघा आणि पुढे द्या." पान साठ हातांतून फिरलं. कुणी वास घेतला, कुणी उन्हाकडे धरलं, कुणी त्याने शेजारच्याच्या कानाला गुदगुल्या केल्या. परत आलं तेव्हा त्याचे तीन तुकडे झाले होते आणि देठ कुणाकडे तरी राहिला होता. यशवंतनी ते तुकडे टेबलावर मांडले. "आता सांगा, माल कशासारखा हवा? तुम्ही बघितलं त्यासारखा, की मला परत मिळालं त्यासारखा?" वर्ग हसला, आणि मग हळूहळू गप्प झाला, कारण प्रश्न खरा होता. तेव्हा ते म्हणाले, "म्हणून नमुन्याचे तीन भाग करतात, तिन्ही सील करतात. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे, एक तिसऱ्याकडे. भांडण झालं तर तिसऱ्याला विचारायचं, अल्वा, बरोबर ना?"

माझ्या प्रबंधात नमुन्यानुसार विक्रीवर बासष्ट पानं आहेत. त्यांत एकही पान तंबाखूचं नाही, हे मला त्या दाराशी उभं असताना कळलं.

तेव्हाच तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली. "सर, हे पान झाडाच्या बुडाकडचं आहे. हा नमुना दाखवून तुम्ही वरचा माल मागितलात तर आमचे अप्पा तुम्हाला भट्टीत घालतील." पुन्हा हशा. यशवंतना इतका आनंद झाला की त्यांनी तिला पुढे बोलावलं आणि स्वतः तिच्या जागी जाऊन बसले. तिने दहा मिनिटं तंबाखूची प्रत कशी ठरते ते सांगितलं. बोट पानावरून कसं फिरवायचं, शीर कुठे दाबायची. ती भाग्या, बेट्टदपुरची. तिच्या वडिलांची दोन एकर तंबाखू. पहिल्या वर्षी ती वर्षभर माझ्या वर्गात होती, करारात बेचाळीस मार्क मिळाले होते, आणि तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मी आत न जाता परत फिरले. आवारात बुचाची फुलं पडली होती. त्यांच्यावर पाय न देता चालायचं ठरवलं तर चालायला बराच वेळ लागतो.

घरी आमचे वाद होत. तोवर आम्ही अनेक गोष्टींवर भांडलो होतो, कायद्यावर कधी नाही. बँकेपुढे येणारे कागद अक्षरशः बरोबर असले पाहिजेत, नाहीतर बँक पैसे देत नाही, हा नियम पुस्तकांत ठळक टाइपात असतो. जहाज बुडालं तरी बँकेचे पाय भिजत नाहीत, असं ते वर्गात सांगत. तिला फक्त कागद दिसतात. इथपर्यंत ठीक. पण पुढे ते म्हणत की पहिल्या खेपेला बहुतेक कागदांत काही ना काही चूक निघतेच. मग बँक खरेदीदाराला विचारते, आणि बहुतेक वेळा तो म्हणतो, 'परवागिल्ला', चालेल.

"हे तुम्ही मुलांना शिकवलंत?" मी विचारलं.

"मग काय शिकवू? रोज तेच करतो."

"परीक्षेत नियम विचारतात. 'चालेल' विचारत नाहीत."

"नियम पुस्तकात बरोबर आहे, सुमा. पण नुसत्या नियमावर जहाजं कशी चालणार, तूच सांग."

मी ताटं उचलली. मी पीएच.डी. होते आणि बरोबर ते होते, एवढ्याचाच मला राग आला.

मग ती मुलं घरी येऊ लागली. रविवारी सकाळी बेल वाजे. मी दार उघडे. समोर दोन-तीन ओळखीचे चेहरे, पहिल्या वर्षी मी शिकवलेले. मला बघून दचकत, नमस्कार करत, आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारत, "मॅडम, सर इद्दारा?" सर आहेत का. वीस वर्षांत त्या दारात कुणी विद्यार्थी 'मॅडम आहेत का' असं विचारत आला नव्हता. मी बाजूला होई. आतून यशवंत ओरडत, "बारो, बारो, ये, चप्पल आत नको आणू, मॅडम मारतील." सगळे हसत. मी चहा करायला जाई. स्वयंपाकघरातून मला त्यांची कानडी ऐकू येई. भरभर, खोड्या काढणारी, गल्लीतली. माझी कानडी दूधवाल्यापुरती आणि बाजारापुरती. तिच्यात मला विनोद करता येत नसे. ज्या भाषेत आपला नवरा सर्वांत जास्त हसतो त्या भाषेत आपण पाहुण्या आहोत, हे वीस वर्षं माहीत होतं आणि कधी लागलं नव्हतं.

आमच्या विद्यापीठात दरवर्षी डिसेंबर लागला की वर्कलोडचा कागद भरून द्यावा लागे. जानेवारीपासूनच्या सत्रात कोण किती तास शिकवणार, त्याचा हिशेब. पूर्णवेळ शिक्षकाचे आठवड्याला सोळा तास भरलेच पाहिजेत. एखाद्याचे कमी पडले तर आधी अर्धवेळ शिक्षकाचे तास काढून त्याला द्यायचे, असा नियम. यशवंत आले त्याच्या पुढच्या वर्षापासून माझे तास चौदाच भरत होते. दोन कमी. पण कुणाचं दोन तासांनी अडत नसे. 'ग्रंथालय मार्गदर्शन – २' असं लिहायचं की झाले सोळा. सगळे तसंच करत, प्रमुखही करत.

माझं अक्षर वाईट. म्हणून तो कागद मी घरी आणत असे आणि यशवंत जेवणाच्या टेबलावर बसून आपल्या वळणदार अक्षरात भरत. कागद भरणं हा त्यांचा धंदा. शेवटच्या रकान्यात 'ग्रंथालय मार्गदर्शन – २' लिहून झालं की म्हणत, "घे, तुझी बिल्टी तयार." तीन वर्षं ती ओळ त्यांनी लिहिली. त्या ओळीवर त्यांचा वर्ग उभा होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

चौथ्या हिवाळ्यानंतर पुन्हा डिसेंबर आला, आणि तो कागद मी घरी नेला नाही.

विभागातल्या माझ्या टेबलावरच भरला, माझ्या वाईट अक्षरात. करार कायदा आठ तास, अमुक चार, तमुक दोन. एकूण चौदा. शेवटचा रकाना कोरा ठेवला. प्रमुखांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मॅडम, दोन तास कमी आहेत."

"हो."

"दरवर्षीसारखं लिहा ना. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

"खोटं कसं लिहू, सर? मी ग्रंथालयात कुणाला मार्गदर्शन करत नाही."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग हळूच म्हणाले, "पण मग यशवंतरावांचा पेपर तुम्हाला द्यावा लागेल."

"नियम तोच असेल तर तसं करा," मी म्हटलं. विषय माझाच होता, अभ्यासक्रम मी लिहिला होता, पदवी माझी होती, आणि त्या कागदावर मी एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं. आयुष्यात मी इतकी खरी कधीच वागले नाही आणि इतकी वाईटही.

त्या संध्याकाळी यशवंत स्वयंपाकघरात स्टुलावर बसून अवरे सोलत होते. दाणे रात्रभर पाण्यात भिजवायचे आणि मग एकेक चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहते आणि आतला गर टुपकन भांड्यात पडतो. मला ते कधी नीट जमलं नाही, दाणा उडून कुठेतरी जाई. ते मात्र न बघता करत. हात चालू ठेवून त्यांनी विचारलं, "या वर्षी तुझा कागद नाही आला भरायला?"

"ऑफिसातच भरून दिला."

टुपकन एक दाणा पडला. मग दुसरा पडायला जरा वेळ लागला.

"सरी," ते म्हणाले. म्हणजे बरं. आणि पुढचा दाणा घेतला.

आठवड्याने त्यांना विभागाचं पत्र आलं, आभाराचं. ते त्यांनी वाचलं, मूळ घडीवरच पुन्हा दुमडलं आणि मला विचारलं, "मग एल.सी. कुठल्या आठवड्यात घेणार?" मी म्हटलं, अजून ठरवलं नाही.

माझा शनिवारचा करार कायद्याचा तास शुक्रवारी हलवला गेला, आणि जानेवारीपासून शनिवारी दोन ते चार मी त्या वर्गात उभी राहू लागले. पहिल्या दिवशी व्याख्येपासून सुरुवात केली, मग मालविक्रीवरचा व्हिएन्नाचा करार, मग भारत त्यात का नाही याची कारणं. सगळं बरोबर होतं. मुलांनी मान खाली घालून लिहून घेतलं. नमुन्यानुसार विक्रीचा तास आला तेव्हा एका मुलाने हात वर केला. "मॅडम, एले तरल्वा?" पान नाही आणणार का. आदल्या वर्षीच्या मुलांनी त्याला सांगितलं असावं. वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. सगळे फक्त आशेने माझ्याकडे बघत होते.

संध्याकाळी घरी आले की यशवंत चहा पुढे ठेवत आणि विचारत, "आज काय घेतलंस?"

"एल.सी."

"कागदांतल्या चुकांचं सांगितलंस?"

"पुढच्या वेळी."

ते थोडा वेळ थांबत. मी आणखी काही सांगेन असं त्यांना वाटे. कुठल्या बाकावर कोण बसलं होतं, कुणी काय विचारलं, भूक लागलेल्या माणसाला ताटाबद्दल नुसतं ऐकायला मिळालं तरी चालतं तसं. मी वर्तमानपत्र उघडे. त्यांच्याकडून वर्ग घेतला एवढं पुरलं नाही मला, वर्गाची बातमीसुद्धा दिली नाही. कागदाचं एक वेळ मी स्वतःला समजावू शकते. ही संध्याकाळची वर्तमानपत्रं मला समजावता येत नाहीत.

ते गेले ते त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, लिलावाचा हंगाम संपता संपता. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले. दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेराव्यापर्यंत त्यांचे विद्यार्थी येत राहिले. बेंगळुरूहून, मंगळूरहून, एक तर रजा काढून दिल्लीहून. सतरंजीवर बसून ते एकमेकांना सरांच्या गोष्टी सांगत होते आणि मी ऐकत होते. तरुणपणी सरांच्या चुकीने एक खेप मंगळूरच्या बंदरात महिनाभर अडकली होती, आणि सर धक्क्यावर बसून रडले होते, ही त्यातली एक. सगळ्यांना ती माहीत होती. "ते नाही का, मग त्या हमालाने सरांना आपल्या डब्यातला भात दिला," असं एकाने म्हटल्यावर बाकीचे मान हलवत होते. अठ्ठावीस वर्षं मी त्या माणसाबरोबर जेवले. तो भात मला माहीत नव्हता. नवरा मेलेल्या बाईने त्या वेळी रडावं अशी लोकांची अपेक्षा असते, आणि मी रडलेही. पण आत जे होतं ते त्या मुलांच्या हातांतून आपला माणूस ओढून घ्यावा असं काहीतरी होतं.

निघताना भाग्या माझ्याजवळ बसली. तेव्हा ती म्हैसूरच्या एका वकिलांकडे काम शिकत होती. माझा हात धरून म्हणाली, "सरांचं मन किती मोठं होतं, मॅडम. आम्ही विचारलं होतं, वर्ग का सोडलात म्हणून. म्हणाले, मॅडमचे तास कमी पडत होते, मीच म्हटलं तू घे, विषय मुळात तुझाच. आणि असं हसत सांगितलं की आम्हाला वाईटही वाटू दिलं नाही."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. अवरे सोलताना तो एक दाणा थांबला तेव्हाच कळलं असणार. आणि माझं नाव कुठे येऊ नये म्हणून त्यांनी ती चूक उचलून, स्वच्छ पुसून, आपल्या दानात जमा केली. मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मला वाटलं, हेही तुम्हीच घेतलंत. मी वाईट वागले, त्यातलाही मोठेपणा तुम्हालाच मिळाला. माझ्याकडे माझं म्हणायला तेवढं एक कृत्य होतं.

ते गेल्यावर दोन वर्षं मी तो विषय शिकवला आणि मग सोडला. भाग्याला बोलवा, असं मीच सुचवलं. तोवर ती स्वतंत्र वकिली करत होती, निर्यातदारांची कामं घेत होती. शनिवारी दोन ते चार. चार वर्षं झाली. मी निवृत्त झाले. तिच्या वर्गाबद्दल लोक सांगतात आणि मी ऐकते. तिचा मत्सर वाटत नाही, हे आधी मला चांगलं लक्षण वाटलं. मग लक्षात आलं, तो सगळा एकाच माणसावर खर्च झाला आहे.

गेल्या रविवारी ती आली. गावाहून आणलेल्या अवरेकाईची पिशवी हातात, आणि दारातच म्हणाली, "सोलायला बसू या, मॅडम, बोलायचं आहे." आम्ही बैठकीत वर्तमानपत्र पसरून शेंगा सोलायला बसलो. ती माझ्याशी कानडीतच बोलते, सावकाश, मला समजेल अशी.

विभागात या वर्षी नवा पूर्णवेळ शिक्षक आला आहे. हुशार आहे, तिने सांगितलं. त्याचे तास दोनने कमी पडतात. त्याने वर्कलोडच्या कागदावर चौदा लिहून दिले आहेत.

"प्रमुखांनी मला स्पष्ट सांगितलं नाही," ती म्हणाली. "पण मीच ठरवलंय. सरांनी वर्ग सोडला तसा सोडायचा. कुणाला वाईट वाटू न देता. पत्र लिहून आणलंय, उद्या देणार. तुम्ही एकदा वाचा, इंग्रजी नीट आहे का."

पत्र छान होतं. माझ्या गुरूंनी घालून दिलेल्या पायंड्याप्रमाणे मी हा विषय आनंदाने पूर्णवेळ सहकाऱ्याकडे सोपवत आहे, असं त्यात लिहिलं होतं.

"तुला सोडायचा आहे का?" मी विचारलं.

ती शेंगा सोलत राहिली. "शनिवारशिवाय मला माझं असं काही नाही, मॅडम. बाकी सगळे दिवस अशिलांचे आणि घरच्यांचे. पण सरांना सोडता आला तर मला का येऊ नये?"

मी पत्र तिच्या बाजूला ठेवलं. न बोलता राहता आलं असतं. पत्र गेलं असतं, यशवंतचा मोठेपणा आणखी एका माणसाने गिरवला असता, आणि माझं नाव स्वच्छ राहिलं असतं, जसं त्यांनी ठेवलं होतं. आणि खरं सांगितलं तर त्यांची ती गोष्ट मोडणार होती. त्यांच्या हातचं आणखी एक काही मी काढून घेणार होते. कोणत्या हेतूने बोलते आहे हे मला त्या क्षणीही नक्की कळलं नाही. आजही कळत नाही.

"सरांनी सोडला नाही," मी म्हटलं. "मी काढून घेतला."

तिचे हात थांबले.

मी सगळं सांगितलं. भिंतीतून येणारं हसू, दारातलं 'सर इद्दारा', घरी न नेलेला कागद, रिकामा रकाना. माझी कानडी अपुरी पडली तिथे मराठी घातली, तिला बहुतेक समजली. संध्याकाळची वर्तमानपत्रंही सांगितली, ती न सांगता चाललं असतं तरी. "ते हसत सोडून गेले असं त्यांनी तुम्हाला सांगितलं. त्यांना शुक्रवारी शर्टाला इस्त्री करताना मी पाहिलंय. त्यानंतर त्यांनी शुक्रवारी कधी इस्त्री हातात घेतली नाही."

भाग्याने मांडीतली टरफलं वर्तमानपत्रावर झटकली. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काय आहे ते बघायचं मी टाळलं. शेंगांचा वास खोलीत भरून राहिला होता. मग तिने पत्र उचललं, चार घड्या घालून आपल्या पिशवीत तळाशी टाकलं.

"मग मी नाही देत," ती म्हणाली. "त्या नव्या शिक्षकाला वर्ग काढून घ्यायचा असेल तर त्याने माझ्या तोंडावर काढून घ्यावा. मी प्रमुखांना विचारेन, दरवर्षी सगळे काय लिहितात ते."

"विचार," मी म्हटलं.

ती पुन्हा शेंगा सोलू लागली. मला वाटलं होतं ती उठून जाईल. गेली नाही. थोड्या वेळाने, मान वर न करता, तिने विचारलं, "मॅडम, मग नंतर शनिवारी दोन ते चार सर काय करायचे?"

मी आठवू लागले. शनिवारी पावणेदोनला मी घरातून निघायची तेव्हा ते जेवणाची ताटं उचलत असायचे. साडेचारला परत यायची तेव्हा चहाचं आधण ठेवलेलं असायचं. मधला वेळ ते घरात होते की बाहेर, बसलेले की फिरत, कुणाशी बोलत होते की नाही, हे मी त्यांना तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. भाग्या वाट बघत होती.

"माहीत नाही," मी म्हटलं. "त्या वेळी मी वर्गात असायची."